मेळघाटात योजना ऑनलाइन, माणूस ऑफलाइन : रेंज नसलेल्या गावांचा हक्क नेमका अडतो कुठे?

विशेष विश्लेषण | धारणी-चिखलदरा

रेशनला अंगठा, मजुरीला फोटो, पोषण आहाराला चेहरा, पीक विम्याला लोकेशन आणि ‘लाडकी बहीण’ला ओटीपी. गेल्या पाच-सात वर्षांत ग्रामीण भागातली जवळपास प्रत्येक सरकारी सेवा मोबाईलच्या पडद्यामागे गेली. अमरावती, अचलपूर, परतवाड्यात हा बदल बऱ्यापैकी पचला. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत मात्र ‘रेंज नाही’ या दोन शब्दांत अख्खा महिना अडकू शकतो.

मेळघाटातल्या तीनशेहून अधिक गावांचा आणि ढाण्यांचा प्रश्न आजवर रस्ता, वीज, पाणी आणि कुपोषण या चार शब्दांत मांडला जायचा. आता त्यात पाचवा शब्द आला आहे, तो म्हणजे नेटवर्क. आणि हा पाचवा शब्द उरलेल्या चारही गोष्टींच्या वाटेत उभा आहे. धान्य गोदामात आहे, पैसा तिजोरीत आहे, योजनेचा शासन निर्णयही आहे. पण लाभार्थी ‘सिस्टीमला’ दिसत नाही, म्हणून शेवटचं पाऊल पडत नाही.

हरिसालने दाखवलेलं चित्र

या विषयावर बोलायचं तर सुरुवात हरिसालपासूनच करावी लागते. परतवाडा-धारणी रस्त्यावरचं हे गाव २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने इथे इंटरनेट, दूरवैद्यकीय सल्ला, डिजिटल शाळा अशी कामं हाती घेण्यात आली. एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरे यांनी सोलापूरच्या सभेत ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत याच गावाची प्रत्यक्ष स्थिती पडद्यावर दाखवली आणि हरिसाल राज्यभरात वादाचा विषय झालं.

राजकारण बाजूला ठेवलं तरी हरिसालचा धडा उरतोच. एका गावात यंत्रं बसवणं वेगळं आणि त्या गावाच्या मागच्या डोंगरातल्या ढाण्यांपर्यंत सेवा रोज, न थांबता पोहोचवणं वेगळं. हरिसाल निदान मुख्य रस्त्यावर आहे. हतरू, रायपूर, रंगुबेली या पट्ट्यातली गावं तशी नाहीत. रंगुबेली परिसरातल्या काही गावांनी तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रस्ता, वीज, पाणी नाही म्हणून मतदानावरच बहिष्कार टाकला होता. जिथे विजेचाच भरवसा नाही, तिथे ‘घरबसल्या ई-केवायसी करा’ हा सल्ला ऐकायला बरा, वापरायला नाही.

त्यात हा सगळा भाग व्याघ्र प्रकल्पाचा. मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्प, १९७४ पासूनचा. वनजमिनीवर टॉवर उभारायचा, केबल टाकायची किंवा विजेची लाईन न्यायची तर वनसंवर्धनाच्या कायद्याखाली परवानगी लागते. जंगल राखायचं म्हणून परवानगी काटेकोर असणं बरोबरच आहे. पण परवानगीला वेळ लागतो हे शासनालाही माहीत आहे. मग टॉवर येण्याआधीच योजना टॉवरवर अवलंबून का केली, याचं उत्तर कोणी द्यायचं?

दरी एक नाही, चार आहेत

‘डिजिटल दरी’ म्हटलं की लोकांना टॉवर आठवतो. प्रत्यक्षात एकापुढे एक चार दारं आहेत आणि त्यातलं एक जरी बंद असलं तरी काम होत नाही.

पहिलं दार रेंजचं आणि विजेचं. पावसाळ्यात लाईन गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत बसते आणि मग आहे ती रेंजही जाते. दुसरं दार हँडसेटचं. घरात फोन आहे, पण तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, आणि मुलगा कामाला पुण्याला. तिसरं दार कागदाचं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरंच. जन्मतारीख तर अनेकांची १ जानेवारी. चौथं दार समजण्याचं. मेसेज मराठीत, हिंदीत नाहीतर इंग्रजीत येतो आणि घरात बोली कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचा मराठीशी किंवा हिंदीशी सख्खा संबंध नाही. ‘आपले प्रमाणीकरण अयशस्वी झाले’ हे वाक्य शिकलेल्या मराठी माणसालाही दोनदा वाचावं लागतं. ते कोरकू आजीला कोण सांगणार?

आकडेही हेच सांगतात. २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने केलेल्या दूरसंचार पाहणीत देशातल्या ८५ टक्क्यांहून अधिक कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन असल्याचं दिसलं. आकडा मोठा आहे, पण तो कुटुंबाचा आहे, माणसाचा नाही. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) माणसागणिक विचारलं होतं. तेव्हा ग्रामीण भारतात इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ४८.७ टक्के होते आणि स्त्रिया २४.६ टक्के, म्हणजे निम्म्या. दरम्यान चित्र सुधारलं असेलच. पण आज बहुतेक योजना नेमक्या बाईच्या नावावर आहेत, हे विसरून चालणार नाही.

रेशन : धान्य दुकानात, अंगठा अडकलेला

रास्त भाव दुकानात पॉस मशीन आलं आणि बरीच बोगस उचल थांबली, हे मान्य करायलाच हवं. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, तेही सध्या मोफत. मेळघाटातल्या घराला हे धान्य म्हणजे वर्षभराचा आधार.

पण बोटांवरची रेषा ही शहरातल्या माणसाची चैन आहे. दगड फोडणाऱ्या, बांबू तोडणाऱ्या, आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या हाताची रेषा मशीनला सापडत नाही. म्हाताऱ्या माणसाचं तर विचारूच नका. ‘थंब लागत नाही’ हे वाक्य आता मेळघाटातल्या प्रत्येक बोलीत गेलं आहे. त्यावर कुठे डोळ्यांचं स्कॅन, कुठे ओटीपी असे पर्याय आहेत. ओटीपी मात्र कुठल्या नंबरवर येतो? दहा वर्षांपूर्वी आधार काढताना ज्याचा नंबर दिला त्याच्यावर. तो नंबर कधीच बंद पडलेला असतो.

आता कार्डावरच्या प्रत्येक सदस्याची ई-केवायसी मागितली जाते. दिवाळीनंतर मेळघाट निम्मा रिकामा होतो. माणसं सोयाबीन, हरभरा काढायला, बांधकामावर, बुऱ्हाणपूरपासून पुण्यापर्यंत कुठेही जातात आणि होळीला, फगव्याला परत येतात. मधल्या काळात ठरलेली मुदत त्यांच्यासाठी नसतेच. मुलांचं वेगळंच. आधारमध्ये पाच आणि पंधरा वर्षांच्या टप्प्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिलं की पोरगं घरात जेवतं, पण मशीनमध्ये नसतं.

अंगणवाडी : पोर ओळखीचं, ॲप अनोळखी

अंगणवाडी सेविका गावातलीच असते. कोणाच्या घरी बाळ झालं, कोणाचं वजन घटलं, कोण माहेरी गेली, हे तिला तोंडपाठ. २०२१ पासून हे सगळं ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये भरायचं आहे. जुलै २०२५ पासून तर घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची सक्ती आली. आधी ई-केवायसी, त्यासाठी आईच्या फोनवर ओटीपी, मग दर वेळी चेहऱ्याचा फोटो.

शहरात हे पाच मिनिटांचं काम असेल. मेळघाटात सेविका सकाळी रेंजसाठी टेकडीवर आणि आई रोजंदारीवर, दोघींची गाठच पडत नाही. जिच्याकडे वजनकाटा आणि पोषण आहार द्यायचा, ती तासन् तास फोन वर धरून उभी राहते. राज्यात सेविकांच्या संघटनांनी या सक्तीविरुद्ध आवाज उठवला, तो यासाठीच.

याच्या उलट उदाहरणही इथलंच आहे. आदिवासी भागात २०१५ पासून सुरू असलेल्या डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, चौरस जेवण अंगणवाडीत मिळतं. त्या योजनेच्याही अडचणी आहेत. पण समोर बसलेल्या बाईच्या ताटात भाकरी-वरण वाढायला ओटीपी लागत नाही. ज्या भागात बालमृत्यूंवर मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावणी चालू आहे, तिथे हा फरक लहान नाही.

मजुरी : हात राबले, फोटो चढला नाही

राज्यात रोजगार हमीची मागणी जिथे सर्वाधिक असते त्यांत मेळघाटचं नाव कायम येतं. १९७२ च्या दुष्काळात ज्या महाराष्ट्राने देशाला रोजगार हमीची वाट दाखवली, तिथे आज मजुराची हजेरी मेटच्या मोबाईलवर आहे. जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी एनएमएमएस ॲपवर, दिवसातून दोनदा, लोकेशनसह फोटो काढून लावायची सक्ती झाली. ॲप रेंज नसताना फोटो काढून ठेवू शकतं, पण मस्टर उतरवून घ्यायला आणि फोटो चढवायला रेंज लागतेच. फोटो चढला नाही तर हजेरी नाही आणि हजेरी नाही तर मजुरी नाही. दिवसभर चर खोदलेली बाई कागदावर घरी बसलेली ठरते.

गंमत म्हणजे ज्या गैरप्रकारासाठी हे आणलं, तो थांबला असंही नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून कळवलं की ॲपवर भलतेच फोटो, फोटोचेच फोटो चढवले जातात. म्हणजे लबाडाला वाट सापडली आणि प्रामाणिक मजूर रेंज शोधत राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. हमी १०० वरून १२५ दिवसांवर गेली, तशी डिजिटल हजेरी आणि बायोमेट्रिक ओळखीवरची भिस्तही वाढली. दिवस वाढले ही चांगली गोष्ट. पण ते नोंदवले गेले तरच मजुरी मिळणार.

शेती : पीक उभं आहे, पेऱ्यात नाही

ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठ्याने बांधावर न येता पेरा लिहायची जुनी पद्धत गेली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, लोकेशनसह फोटो काढून पीक नोंदवायचं ठरलं. कल्पना चांगलीच होती. पण मेळघाटातल्या उतारावरच्या, जंगलाला लागून असलेल्या तुकड्यांत लोकेशन नीट येत नाही. सातबाऱ्यावर पेरा नाही म्हटलं की नुकसानभरपाईत अडचण, हमीभावाच्या खरेदीत अडचण, विम्यात अडचण. राहिलेल्या शेतांसाठी सहायक नेमले जातात खरे, पण ते आले का आणि कधी आले, हे शेतकऱ्याला कळायची सोय हवी.

त्यावर एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदीला आधार जोडून तयार होतो. मेळघाटात अनेकांची जमीन वडिलांच्या, आजोबांच्या नावावर. वारस नोंद झालेली नाही. अनेकांच्या हाती वनहक्काचा पट्टा आहे, पण नावावर स्वतंत्र सातबारा नाही. कसणारा माणूस समोर उभा असतो आणि यादीत दुसराच कोणीतरी, बऱ्याचदा हयात नसलेला, शेतकरी असतो.

एका ओटीपीची किंमत

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलेला महिन्याला १५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थ्यांना ई-केवायसीचा आदेश निघाला आणि ती पुढे दरवर्षी करायची असंही ठरलं. बाईच्या आधारचा ओटीपी आणि सोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. वेबसाइटवर भार आला, साइट बसली, मुदत वाढवावी लागली. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित बायकांचं काय, हा प्रश्न उशिराने लक्षात आला आणि त्यांच्यासाठी कागदपत्रांची वेगळी सोय नंतर करावी लागली. नवरा परमुलखात कामाला गेलेल्या बाईची अडचण मात्र तशीच राहते.

आता हिशेब करून बघा. २०२५-२६ मध्ये राज्यातला मनरेगाचा दर रोज ३१२ रुपये. ढाण्यावरच्या बाईने सेवा केंद्रात जायचं म्हणजे तो दिवस बुडाला. पहिल्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या.’ दुसऱ्या फेरीत काम झालं असं धरलं तरी ६२४ रुपयांची मजुरी गेली. काळीपिवळीचं भाडं, केंद्राचा दर, झेरॉक्स वेगळं. सोबत मुलगा किंवा भाऊ न्यावा लागला तर बुडीत मजुरी १२४८ रुपये. म्हणजे १५०० चा एक हप्ता मिळवण्याची पात्रता सिद्ध करायलाच जवळजवळ एक हप्ता गेला. पीएम-किसानच्या २००० च्या हप्त्याचंही तसंच. शासनाने अर्जाचा कागद वाचवला, कारकुनाचा वेळ वाचवला. तो खर्च नाहीसा झाला नाही, तो गरिबाच्या खिशात सरकला.

आणि जिथे पडदा कळत नाही तिथे मध्यस्थ येतोच. पूर्वी तो तहसीलच्या आवारात बसायचा, आता तो लॅपटॉप घेऊन टपरीत बसतो. अनेक केंद्रचालक प्रामाणिकपणे रात्री उशिरापर्यंत, रेंज मिळेल तेव्हा काम करून देतात. त्यांच्याशिवाय हा डोलारा उभाच राहिला नसता. पण बाईचा आधार क्रमांक, ओटीपी आणि अंगठा हे तिन्ही दुसऱ्याच्या हातात जाणं हा धोकाच आहे.

यंत्र नको, असं कोणी म्हणत नाही

एक गोष्ट स्पष्ट हवी. मेळघाटातल्या लोकांना यंत्र नको आहे असं नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे पुण्याला कामाला गेलेलं कुटुंब तिथेच धान्य उचलू शकतं, ही मोठी सोय आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. मजुरी थेट खात्यात आली म्हणून मुकादमाचा वाटा कमी झाला. जिथे रेंज आहे, तिथे पोरंपोरी फोनवर अभ्यास करतात, बाजारभाव बघतात.

प्रश्न यंत्राचा नसून एकाच दाराचा आहे. शहरात एक दार बंद झालं तर माणूस दुसरं शोधतो. दुसऱ्या बँकेत जातो, ओळखीच्याला फोन करतो. डोंगरात यंत्राचं दार हेच एकमेव दार केलं आणि त्याला कुलूप लागलं, तर माणूस बाहेरच राहतो.

नियम आहेत, पण ते कोणाच्या खिशात?

आश्चर्य म्हणजे दुसरं दार कायद्याने कधीच उघडलेलं आहे. केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, दुसरं ओळखपत्र बघून आणि नोंद करून धान्य द्यावं. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ओळख न पटल्यामुळे हक्काचा लाभ बुडू नये, हे अधोरेखित केलं. मजुरीच्या हजेरीतही नेटवर्क नसेल तर जिल्हा पातळीवरून सूट देण्याची सोय आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

मग अडतं कुठे? अपवाद वापरायची जबाबदारी सगळ्यात खालच्या माणसावर आहे. रेशन दुकानदाराने रजिस्टरवर धान्य दिलं तर उद्या तपासणीत ‘मशीनशिवाय वाटप का?’ असा प्रश्न त्यालाच येतो. मशीन बंद म्हणून परत पाठवलं तर त्याला कोणीच काही विचारत नाही. रोजगार सेवकाचं, सेविकेचं तेच. नाकारणं सुरक्षित आणि देणं जोखमीचं, अशी रचना असेल तर माणूस नाकारणारच. यात त्याचा दोष कमी, रचनेचा जास्त.

दुसरी मेख आणखी खोल आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण दिवस मोजायला सुरुवात कधी होते? अर्ज दाखल झाल्यावर. साइटच उघडली नाही, अंगठाच लागला नाही, तर अर्जच दाखल होत नाही. अर्ज नाही म्हणजे उशीर नाही आणि उशीर नाही म्हणजे दोष नाही. चार फेऱ्या मारून परत गेलेली बाई कुठल्याच अहवालात येत नाही. अहवालात तालुक्याची कामगिरी शंभर टक्के दिसू शकते.

जे नोंदलं नाही, ते नियोजनातही नाही

शाश्वत विकासाचा प्रश्न इथे येतो. २०१५ मध्ये जगातल्या देशांनी २०३० साठी १७ उद्दिष्टं ठरवली. भूक संपवणं, आरोग्य, शिक्षण, सन्मानाचं काम अशी. त्या सगळ्यांमागचं वचन एकच होतं, कोणालाही मागे ठेवायचं नाही. आपल्या जिल्हा नियोजनातही आता ही उद्दिष्टं, त्यांचे निर्देशांक आले आहेत. हे निर्देशांक कुठून भरतात? त्याच ॲपमधून, त्याच पोर्टलवरून.

ज्या बाळाचं वजन ट्रॅकरवर चढलं नाही, ते कुपोषितांच्या यादीत येत नाही. ज्या मजुराची हजेरी लागली नाही, त्याच्या गावात ‘कामाची मागणी घटली’ असं दिसतं. ज्या शेतात पेरा नोंदला नाही, तिथली कोदो-कुटकी सरकारच्या लेखी पिकतच नाही. पुढच्या वर्षीचा निधी याच आकड्यांवर ठरतो. त्यामुळे ज्या गावाला सगळ्यात जास्त गरज, ते गाव कागदावर सगळ्यात कमी गरजू दिसायचा धोका आहे. आज हुकलेलं धान्य उद्या कदाचित मिळेल. आकड्यातून हुकलेलं गाव मात्र पुढची पाच-दहा वर्षं मागे राहतं.

जिल्ह्यात करता येण्यासारखं

टॉवरचं काम जिल्ह्याच्या हातात पूर्ण नाही. नेटवर्क नसलेल्या गावांत ४जी पोहोचवण्यासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६ हजार कोटींहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली, ग्रामपंचायतींना फायबर जोडण्यासाठी भारतनेट त्याआधीपासून आहे. ती कामं व्हायलाच हवीत. पण तोवर थांबायची गरज नाही. काही गोष्टी जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि धारणीच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या पातळीवर होऊ शकतात.

१) नेटवर्क नसलेल्या गावांची यादी जाहीर करा. निवडणूक आली की प्रशासन संपर्क नसलेल्या मतदान केंद्रांची यादी करतं, तिथे वायरलेस किंवा माणूस पाठवून निरोप पोहोचवतं. एका मतासाठी जी व्यवस्था होते ती ३५ किलो धान्यासाठी का नको? तीच यादी रेशन, अंगणवाडी आणि रोजगार हमीला लावा आणि त्या गावांत रजिस्टरवर काम करायची लेखी मुभा द्या, म्हणजे खालच्या कर्मचाऱ्याला भीती राहणार नाही.

२) नकाराची चिठ्ठी द्या. अंगठा लागला नाही, साइट बंद, मस्टर उतरलं नाही, कारण काहीही असो, आलेल्या माणसाला तारीख, वेळ आणि कारण लिहिलेली चिठ्ठी मिळाली पाहिजे. तीच अर्जाची तारीख धरली तर लोकसेवा हक्क कायदा डोंगरातही चालू होईल.

३) मुदती मेळघाटच्या वर्षाप्रमाणे ठेवा. दिवाळीआधी आणि होळीच्या आठवड्यात माणसं गावात असतात. आधार दुरुस्ती, मुलांचे ठसे, ई-केवायसी, वारस नोंद यांची शिबिरं तेव्हाच आणि आठवडी बाजाराच्या गावी भरवा.

४) कोरकूत सांगा. बाजारात, एसटी थांब्यावर ध्वनिमुद्रित सूचना कोरकूत वाजवता येतात. बचतगटातल्या, दहावी-बारावी झालेल्या स्थानिक मुलींना मानधनावर मदतनीस नेमलं तर बायकांना आपला ओटीपी परक्याला सांगावा लागणार नाही.

५) ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरा. हे काही नवं नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी म्हणणं पुरावा मानलं आहे. मेळघाट पेसा क्षेत्रात येतो, तिथे ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. जमिनीच्या दाव्यासाठी जिची साक्ष चालते, तिची साक्ष ‘ही बाई याच गावची, जिवंत आहे, धान्याला पात्र आहे’ एवढं सांगायला चालू नये? याच जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड जंगल पुन्हा उभं केलं आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. ग्रामसभेवर विश्वास टाकला तर काय होतं, हे बघायला लांब जायला नको.

६) अपयशाचा आकडाही दाखवा. किती वाटप झालं हे जसं दर महिन्याला जाहीर होतं, तसं किती अंगठे लागले नाहीत, किती फोटो चढले नाहीत, हेही गावनिहाय जाहीर झालं पाहिजे. मशीनमध्ये ही नोंद असतेच, ती फक्त फलकावर यायला हवी.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, फार मोठा निधीही लागत नाही. लागते ती एक सही आणि ती करणाऱ्याची तयारी. पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मेळघाटच्या आमदार-खासदारांनी आणि जिल्हा परिषदेने ‘टॉवर कधी?’ याबरोबरच ‘टॉवर येईपर्यंत काय?’ हा प्रश्न विचारायला हवा. पहिल्या प्रश्नाला दिल्ली-मुंबईकडे बोट दाखवता येतं. दुसऱ्याचं उत्तर अमरावतीतच द्यावं लागेल.